नसलेल्या बाळाचं पथ्य

विनुताला दिवस गेलेत हे तिच्या सासूनं रसमवरून ओळखलं. सकाळी शेषम्मांनी रसमला तुपाची फोडणी दिली, वर हिंग टाकला, आणि डबे भरत असलेली विनुता तोंडावर पदर धरून मागच्या अंगणात धावली. ती परत आली तेव्हा शेषम्मांनी तिला काही विचारलं नाही. तिच्या हातातला डबा काढून घेतला, बसायला पाट दिला आणि देवघरात जाऊन दिवा लावला. सकाळचा दिवा आधीच लागलेला होता. हा दुसरा.

अडचण एवढीच होती की विनुताला दिवस गेले नव्हते. ते जाऊ नयेत म्हणून ती महिनाभर रोज एक गोळी घेत होती, आणि ही मळमळ त्या गोळीची होती.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत हे घर. गल्लीत मराठी बोलणारी मोजकी घरं उरली होती, आणि त्यातल्या प्रत्येक घराला दुसऱ्या घरात काय शिजतं ते माहीत असे. शेषम्मा पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर मुलाजवळ राहत होत्या, म्हणजे खरं तर मुलगा त्यांच्याजवळ राहत होता. मुलगा श्रीकर वीज मंडळात इंजिनियर, कचेरी पापनाशमला, रोज रेल्वेनं जाऊन येऊन. विनुता चौतीस वर्षांची, एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. त्यांची मुलगी जननी पहिलीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती बहुधा तमिळमध्येच द्यायची.

जननीच्या वेळी विनुताला इतका रक्तस्राव झाला होता की बाटल्या चढवाव्या लागल्या. त्यानंतर दोघांनी ठरवलं, एक पुरे. हे शेषम्मांना एखाद्या चांगल्या दिवशी सांगायचं असंही ठरलं होतं. पाच वर्षांत तसा दिवस आला नव्हता.

गोळ्यांसाठी डॉक्टरकडे जायचं विनुताच्या मनात होतं. पण ओळखीच्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर कायम कुणीतरी शेषम्मांच्या देवळातलं बसलेलं असायचं. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा मणी श्रीकरचा शाळासोबती, त्याच्याकडूनही आणता येईनात. म्हणून श्रीकरनं पापनाशमला, कचेरीजवळच्या एका दुकानातून आणल्या. तिथल्या माणसानं काहीच विचारलं नाही. श्रीकरला त्याचं हे न विचारणं फार आवडलं. तो माणूस आपणहून एवढंच म्हणाला, "सगळ्या बायका हीच घेतात. पहिले दोन-तीन महिने अंगाला मानवत नाही, मग सवय होते." श्रीकरनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

सवय होईपर्यंत बरंच काही झालं. सकाळची मळमळ झाली. छाती इतकी दुखायला लागली की जननी धावत येऊन बिलगली की विनुता दचकायची. आठवीच्या वर्गात फुलाचा छेद फळ्यावर काढून ती पुंकेसर, स्त्रीकेसर सांगत होती आणि परागकण वाऱ्याबरोबर कुठंही जाऊन पडतात, बहुतेक वाया जातात, या वाक्याला तिला रडू कोसळलं. मुलींनी वह्यांतून डोकी वर काढली. पुढचा भाग तिनं फळ्याकडे तोंड करून शिकवला.

आणि पाळी आलीच नाही म्हणण्याइतकी थोडी आली. घरात बाजूला बसणं वगैरे आता कुणी पाळत नव्हतं, पण त्या दिवसांत विनुता देवघरात जात नसे. त्या महिन्यात ती जात राहिली. शेषम्मांनी ते पाहिलं.

पपई घरात येणं बंद झालं. अननस, तीळ, सगळं बंद. पाण्याची बादली विनुताच्या हातात दिसली की काढून घेतली जाई. स्कूटरच्या किल्ल्या कुठंतरी गेल्या आणि शाळेला न्यायला एक ऑटोवाला दारात उभा राहू लागला. शेजारच्या जयलक्ष्मीबाई कधी नव्हे ते आवळे घेऊन आल्या आणि विनुताच्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "आमच्या परसातले आहेत, सहज आणले."

विनुतानं स्वतः प्रयत्न केला. ती सासूला आत्या म्हणायची. "आत्या, हे पित्त आहे हो."

"हौ," शेषम्मा म्हणाल्या. "जननीच्या वेळीही पित्तच होतं. आता ते पित्त पहिलीत जातं."

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिनं श्रीकरला गाठलं.

"तुम्ही सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"की नाही म्हणून."

"काय नाही म्हणून?"

"बाळ."

श्रीकरनं चादरीची घडी घातली. "मग उलट्या कसल्या, म्हणून विचारेल. गोळ्यांच्या, म्हणावं लागेल. मग कसल्या गोळ्या, म्हणेल."

"मग सांगा कसल्या."

"अजून थोडे दिवस थांबू. सवय झाली की उलट्या थांबतील. उलट्या थांबल्या की तिला आपोआप कळेल."

हा बेत किती चांगला आहे ते तिसऱ्या महिन्यात कळलं. तिरुवैयारूला एक लग्न होतं, राहायचं होतं, आणि गोळ्या घरच्या कपाटात राहिल्या. आजूबाजूला एवढ्या बायका की विनुताला त्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नव्हती. परत आल्यावर तिनं पुन्हा सुरू केल्या, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एकदम रक्तस्राव सुरू झाला. जाजमावर बसून ती पेपर तपासत होती. उठली तेव्हा जाजम भिजलं होतं आणि दारात शेषम्मा उभ्या होत्या.

शेषम्मा पुढं आल्या. त्यांनी जुने पंचे आणले, तिला न्हाणीघरात नेलं, गरम पाणी दिलं, जाजम उचललं. हे सगळं पोस्टाच्या खिडकीत बसून काम करावं तसं, एकामागून एक, न बोलता. मग तिला अंथरुणावर झोपवून त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "देहानं नाही म्हटलं. तुझा दोष नाही. मज ठाऊक आहे, ते लग्नाला जायलाच नक्को होतं. मीच म्हटलं, चल."

आणि त्या रडल्या. शेषम्मांना रडताना विनुतानं सासरे गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगावं हे तिला कळत होतं. तोंडही उघडलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे या बाईला सांगायचं की तू ज्याच्यासाठी रडतेस ते काही नव्हतंच, आणि हे आम्हां दोघांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला ते जमलं नाही. तिनं तोंड मिटलं. मग तिलाही रडू आलं, आणि ते गोळ्यांचं की स्वतःचं हे तिला ठरवता येईना. दोघी बराच वेळ रडल्या. श्रीकर कचेरीतून आला, दाराशी थांबला, आणि पुन्हा बाहेर जाऊन केळी घेऊन आला.

शाळेला सहामाहीनंतरची सुट्टी लागली होती. शेषम्मांनी तिला सुट्टीभर अंथरुणावरून उठू दिलं नाही. सुंठ, ओवा, गूळ घालून केलेलं लेहियम सकाळ-संध्याकाळ जिभेवर ठेवलं जाई. लसणीचं सार आणि मऊ भात. पाणी हातात. खिडकीपर्यंत गेलेलं दिसलं तरी आतून हाक येई, "विनुता, आडवी हो." ती आडवी व्हायची. खोटं बोलण्याची जी काही शिक्षा असेल ती ही असावी आणि त्या मानानं सोपी आहे, असं तिला वाटायचं. गोळी मात्र ती रोज घेत होती. आता घरात ज्या तऱ्हेचं दुःख चाललं होतं ते पाहता खरोखरच दिवस गेले तर काय होईल याची तिला जास्तच भीती वाटत होती.

सुट्टी संपता संपता तिची डावी पोटरी दुखायला लागली.

"झोपून झोपून आखडली," शेषम्मा म्हणाल्या आणि तिळाचं तेल कोमट करून घेऊन आल्या. त्यांच्या हातात जोर होता. पायाच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत त्यांनी पाय रगडला. पहिल्या दिवशी विनुताला थोडं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती ओरडली. शेषम्मा म्हणाल्या, दुखतं म्हणजे लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी पाय गरम लागत होता आणि त्याचा रंग बदलला होता.

जननी पायथ्याशी बसून चित्र रंगवत होती. तिनं आईचे दोन्ही पाय नीट पाहिले आणि म्हणाली, "अम्माचा एक पाय अम्माचाच आहे. दुसरा पाट्टीचा झालाय."

पाट्टी म्हणजे आजी. शेषम्मांचे पाय सुजलेले असत. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि श्रीकरला हाक मारली, "ऑटो बोलाव. बेगीन."

त्याच ओळखीच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर भुवनेश्वरी, यांच्याकडे जननीला शेजारी ठेवून तिघंही गेली. श्रीकर म्हणाला, अम्मा, तू घरी थांब. शेषम्मा म्हणाल्या, मी थांबणार नाही, पोट रिकामं झाल्यावर अंगात काय काय राहतं ते तुला काय ठाऊक. बाहेरच्या बाकावर देवळातल्या दोघीजणी बसल्याच होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

डॉक्टर भुवनेश्वरी पन्नाशीच्या, बोलणं तमिळमधून आणि थोडक्यात. त्यांनी पाय पाहिला, टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, बोटानं दाबल्या.

"याला तेल कुणी लावलं?"

"मी," शेषम्मा म्हणाल्या. "रोज."

"आता लावू नका. हातही लावू नका." मग विनुताकडे वळून, "काही गोळ्या घेता?"

श्रीकर भिंतीवरचं बाळाच्या लसींचं वेळापत्रक वाचू लागला.

"लेहियम घेते," शेषम्मा म्हणाल्या. "तिचं पोट पडलंय, डॉक्टर. त्यासाठीच—"

"घेते," विनुता म्हणाली. "दिवस राहू नयेत म्हणून. हा चौथा महिना."

शेषम्मांनी मान वळवून विनुताकडे पाहिलं.

"कुणी लिहून दिल्या?"

"कुणी नाही. पापनाशमच्या मेडिकलमधून आणल्या."

"त्यानं बीपी बघितलं? घरात कुणाला काय झालंय ते विचारलं?"

"त्यानं मला बघितलंच नाही," विनुता म्हणाली. "हे गेले होते."

डॉक्टरांनी श्रीकरकडे पाहिलं. वेळापत्रक एव्हाना वाचून संपलं असावं.

"तुमच्या माहेरी कुणाचा पाय असा सुजला होता?"

विनुताला आठवलं. "धाकट्या भावाच्या वेळी आईचा. बाळंतपणानंतर. तिला बरेच दिवस इंजेक्शनं होती."

"हा पहिला प्रश्न असतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "या गोळ्या हजारो बायका घेतात आणि त्यांना काही होत नाही. मळमळ, रडू येणं, छाती दुखणं, हे बऱ्याचजणींना होतं आणि बहुतेक कमी होतं. पण काहींच्या रक्तात गाठ होते. कुणाच्या होईल याचा अंदाज आधी विचारलं तर येतो. त्यात तुम्ही झोपून राहिलात. आजपासून गोळी बंद. आत्ता खाली जाऊन पायाचं स्कॅन करा."

स्कॅनमध्ये गाठ दिसली. पोटरीच्या शिरेतून गुडघ्याच्या वरपर्यंत आली होती. पुन्हा वर आल्यावर डॉक्टरांनी दाखल करायचं सांगितलं आणि लिहायला घेतलं. तेव्हा शेषम्मांनी विचारलं, "मी चोळलं त्यानं काय झालं असतं?"

"गाठ सुटून छातीत गेली असती तर," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, "यांना इथं आणायची वेळच आली नसती."

"आणि ते रक्त गेलं ते?"

"गोळ्या मध्येच चुकल्या की जातं."

"म्हणजे बाळ नव्हतं."

"नव्हतं, अम्मा."

"पहिल्यापासून नव्हतं."

"पहिल्यापासून."

शेषम्मा म्हणाल्या, "मग मी रडले कुणासाठी?"

डॉक्टर भुवनेश्वरींनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "बाहेर बसा. पाणी प्या. मी यांची खोली बघते."

दवाखान्यात विनुताला पोटात इंजेक्शनं सुरू झाली. शेषम्मा दोन्ही वेळा डबा घेऊन यायच्या. मऊ भात, रसम, तुपाची फोडणी. हिंग नव्हता. डबा उघडून समोर ठेवायच्या, खाऊन झालं की धुऊन पिशवीत टाकायच्या, आणि एकही शब्द न बोलता जायच्या. श्रीकरशीही बोलत नव्हत्या. त्याला जेवण वाढलं जाई, पण आणखी हवं का हे विचारलं जात नसे, आणि श्रीकर, ज्यानं आयुष्यात कधी स्वतः होऊन भात मागून घेतला नव्हता, तो अर्धपोटी उठत होता.

शेवटी विनुताच बोलली. डबा धुऊन शेषम्मा पिशवीची नाडी ओढत होत्या.

"आत्या, आम्ही सांगायला हवं होतं."

"हौ."

"तुम्हांला दुखेल म्हणून नाही सांगितलं."

"दुखायचं ते दुखलंच." शेषम्मा स्टुलावर बसल्या. "एक मूल पुरे म्हणता, ठीक. मज आवडलं नाही, आवडणारही नाही. चार दिवस मी रुसले असते, देवळात चार जणींना सांगितलं असतं, मग गप्प बसले असते. त्यात कुणी मेलं नसतं. पण तुम्ही गप्प बसलात आणि मी रोज तो पाय धरून चोळला. माझ्या हातून तू गेली असतीस, आणि मज कळलंही नसतं की मी काय केलं. मी म्हटलं असतं, बाळापाठोपाठ गेली."

विनुतानं सासूचा हात धरला. शेषम्मांनी तो काढून घेतला नाही, आणि परत दाबलाही नाही.

"आणि ते लेहियम," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ते तरी लागलं का काही अंगाला?"

"फार तिखट होतं."

"तसंच असतं ते," शेषम्मा म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आल्यावर रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू राहिल्या. दिवसभर पायात घट्ट मोजा घालायचा होता. तंजावूरच्या उन्हात, साडीखाली, एकाच पायात जाड लांब मोजा. वर्गातल्या मुलींनी विचारलं तेव्हा विनुतानं खरं ते सांगितलं, शिरेत गाठ झाली, गोळ्यांमुळे. कसल्या गोळ्या, असं मागच्या बाकावरून आलं. तिनं तेही सांगितलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि हे अभ्यासक्रमात आहे का, असं विचारलं. विनुता म्हणाली, रक्ताभिसरण आहे, संप्रेरकंही आहेत. ती फक्त दोन्ही एकत्र शिकवत होती.

पुढच्या भेटीत डॉक्टर भुवनेश्वरींनी पुढचं काय ते विचारलं. या जातीच्या गोळ्या विनुताला आता आयुष्यभर नाहीत. तांबी बसवता येईल, पण रक्त पातळ करणारं औषध चालू आहे तोवर स्राव जास्त होईल, आणि तिला आधीच त्याचा इतिहास आहे. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडणं आलं, तेही आत्ता नको.

"किंवा मग हे," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोक श्रीकरकडे केलं.

"मी?" श्रीकर म्हणाला.

"चाकू लागत नाही. बधिर करून लहानसं भोक पाडतात. चहा प्यायला बाहेर गेल्याइतका वेळ. त्याच दिवशी घरी. दोन-चार दिवस जड उचलायचं नाही. तीन महिने काळजी घ्यायची, मग तपासणी, आणि झालं."

श्रीकरनं विचार करतो म्हणून सांगितलं आणि खरोखरच विचार करू लागला. तो नीट विचार करणारा माणूस होता. त्यानं फोनवर बरंच वाचलं. कचेरीतल्या सांबशिवला विचारलं. सांबशिव म्हणाला, माझ्या मामांनी केलं होतं, नंतर ते जाड झाले. ते आधी कसे होते, असं श्रीकरनं विचारल्यावर सांबशिव म्हणाला, आधीही जाडच होते. तरीही श्रीकरला शंका राहिली. अशक्तपणा येईल का, कचेरीत कळेल का, आणि आणखी एक, जी त्यानं कुणाला विचारली नाही आणि फोनमध्ये चार वेळा वाचली.

एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "काही साइड इफेक्ट झाला तर?"

विनुता मोजा चढवत होती. त्याला वेळ लागे. "झाला तर होईल," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी केळी आणीन."

मोजा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा श्रीकरनं दुसऱ्या बाजूनं तो धरून ओढायला मदत केली. असं त्यानं आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे मोजा वाकडा बसला आणि पुन्हा काढावा लागला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाही वाटत होती. रोज. एक गोळी, एक भीती."

"बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणालात, सवय होईल."

मंगळवारी त्यानं डॉक्टरांना फोन केला.

शेषम्मांना या वेळी आधी सांगितलं. दोघांनी मिळून, सकाळी, कॉफी झाल्यावर. शेषम्मांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आक्रसला. एकुलता मुलगा, त्याला दवाखान्यात नेऊन, तेही असल्या कामासाठी. बायकांची कामं बायकांनी करावीत असं त्या म्हणाल्या, मग विनुताच्या पायाकडे बघून ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

"मज पसंत नाही," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंत, हे बरं केलंत. कुठल्या दिवशी ते सांगा, म्हणजे त्या दिवशी मी भेंडी करते. त्यास भेंडी आवडते."

ऑपरेशन झालं. श्रीकर बर्फाची पिशवी घेऊन दोन दिवस आरामखुर्चीत बसला आणि त्याला वाटलं होतं त्याच्या पावपट दुखलं. हे तो कबूल करायला तयार नव्हता. जयलक्ष्मीबाई चौकशीला आल्या. श्रीकरला काय झालं, म्हणाल्या. शेषम्मा म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. कसलं ते त्यासच विचार, तो आत आहे." जयलक्ष्मीबाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या आणि आत न जाता परत गेल्या.

विनुताच्या पायाची सूज हळूहळू उतरली. मळमळ तर गोळी थांबवल्यावर आठवड्याभरातच गेली होती, आणि परागकण वाया जातात हे वाक्य तिनं नववीच्या उजळणीत कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. डावी पोटरी दिवस मावळताना थोडी जड व्हायची, ती मात्र तशीच राहिली. डॉक्टर म्हणाल्या, काहींची राहते.

बदल दिसला तो शेषम्मांत. गल्लीतली, देवळातली कुठलीही सून पाय दुखतो, डोकं दुखतं, गरगरतं असं म्हणाली की शेषम्मा विचारू लागल्या, "गोळ्या खातेस? दिवस न राहायच्या?" आणि त्या हळू विचारत नसत. पोस्टातल्या खिडकीतून गर्दीला ऐकू जाईल अशी त्यांच्या आवाजाला सवय होती. एका शुक्रवारी देवळाच्या रांगेत त्यांनी शांभवी नावाच्या नव्या सुनेला, तिच्या सासूसमोर, पुजाऱ्यासमोर, हे विचारलं. शांभवी लंगडत होती. तिच्या चपला नव्या होत्या आणि टाच सोलली होती, एवढंच. सासूनं शेषम्मांशी त्यानंतर बोलणं टाकलं.

"आत्या, असं रांगेत विचारू नये," विनुता म्हणाली.

"मग कुठं विचारू? तुम्ही लोक घरात सांगत नाही."

दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी शांभवी फाटकाबाहेर उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, विनुताला बाजूला घेतलं आणि विचारलं, त्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर सकाळी गर्दी कमी असते का संध्याकाळी.

"दोन्ही वेळा असते," विनुता म्हणाली. "तू माझ्याबरोबर ये. लोकांना वाटेल माझाच पाय दाखवायला आलोय."

आणि ऑटोत बसल्यावर तिनं शांभवीला विचारलं, तुझ्या आईला कधी पाय सुजण्यासारखं काही झालं होतं का.